स्वस्त विमानाचं तिकीट काढताय? आधी आंब्याची पेटी काट्यावर ठेवा

पाच डझनाची हापूसची पेटी भरली की तिचं वजन किती होतं, हे आपल्यातल्या फार कमी लोकांनी खरंच काट्यावर ठेवून बघितलेलं असतं. एक चांगलं फळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साठ फळांचे झाले १५ किलो, त्यावर लाकडी पेटी आणि आतलं गवत, म्हणजे सतरा किलो धरून चाला. आणि साध्या तिकिटावर तुम्हाला विमानाच्या पोटात, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत, टाकायला मिळतात १५ किलो. म्हणजे नुसती पेटीच वरचढ झाली, कपड्यांची बॅग अजून हिशोबात आलेलीच नाही.

हे सगळं मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कळलं, मावशीला गोव्यातल्या मोपा विमानतळावर सोडायला गेलो होतो तेव्हा. तिकीट मीच काढलं होतं, ३,१०० रुपयांचं, आणि घरात सगळ्यांना सांगत होतो की एसी बसपेक्षा जरा जास्त पैशात मावशी तासाभरात मुंबईला. काउंटरवर पेटी १७ किलो आणि बॅग ८ किलो, एकूण २५. दहा किलो जास्त, किलोला सहाशेच्या हिशोबाने सहा हजार. तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट. काउंटरवरची मुलगी नम्रपणे बोलत होती, तिची काही चूक नव्हती, पण तिकीट काढताना त्या वेबसाइटवर हा आकडा मला कुठेही ठळक दिसला नव्हता आणि याचा राग मला अजून आहे. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्याच कलमाचे आंबे, आणि माकाच पैशे भरूक सांगतत?" शेवटी तिथेच खाली बसून पेटी उघडली, चार डझन आंबे रिक्षावाल्याकडे परत दिले, आणि मावशी एक डझन पिशवीत घेऊन गेली. ती पुढे काही बोलली नाही पण तिचा चेहरा पडला होता तो मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी हे सगळं नीट वाचायला लागलो आणि आता गावातल्या बऱ्याच लोकांची तिकिटं मीच काढतो, म्हणून जे कळलंय ते एकदा सविस्तर लिहून काढतोय.

पहिली गोष्ट समजून घ्या की स्वस्त कंपनी तुम्हाला प्रवास विकत नाही, ती फक्त खुर्ची विकते. बाकी सगळं, म्हणजे बॅग, खिडकीची जागा, खाणं, लवकर आत जाणं, तारीख बदलणं, हे वेगवेगळं विकायला ठेवलेलं असतं. जगात हे मॉडेल युरोपमध्ये रायनएअर आणि विझ एअर, अमेरिकेत स्पिरिट आणि फ्रंटियर यांनी टोकाला नेलं. स्पिरिटने तर २०१० मध्ये डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेलाही पैसे लावले. आपल्याकडे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली तेव्हा साध्या माणसाला पहिल्यांदा विमान परवडायला लागलं, आणि आज इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस, स्पाइसजेट या सगळ्या कमी-अधिक त्याच वाटेवर आहेत. विमान जमिनीवर उभं राहिलं की कमाई बंद, म्हणून उतरल्यावर अर्ध्या तासात परत उडवायचं, शक्यतो एकाच प्रकारची विमानं ठेवायची, सीट दाटीवाटीने बसवायच्या, आणि मूळ भाडं इतकं खाली आणायचं की शोधताना आपलं नाव पहिलं दिसलं पाहिजे. यात फसवणूक नाहीये, पण ग्राहकाने गणित स्वतः करायचं असतं. आणि या गणिताचा एकच नियम मी सगळ्यांना सांगतो: जसजसे तुम्ही विमानाच्या जवळ जाता तसतशी तीच वस्तू महाग होते. घरी बसून मोबाईलवर घेतलेली जास्तीची बॅग स्वस्त, काउंटरवर महाग, गेटवर सगळ्यात महाग. म्हणजे जे काय ठरवायचं ते घरी ठरवायचं.

आता आपल्या कोकणातला पहिला खड्डा, विमानतळ. सर्चमध्ये नुसतं "गोवा" टाकलं की दोन्ही गोवा दिसतात. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, पेडणे तालुक्यात आहे, सावंतवाडीहून वीस-पंचवीस किलोमीटर, बांद्याहून तर अगदी हाकेच्या अंतरावर. दाबोळी सावंतवाडीहून ऐंशीच्या वर. दोन विमानतळांत साठेक किलोमीटरचं अंतर आहे आणि मधे पणजीचं ट्रॅफिक. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने चारशे रुपये वाचवायला दाबोळीचं तिकीट घेतलं, रात्री साडेदहाला उतरले, आणि कुडाळपर्यंतच्या टॅक्सीत जे गेलं त्यात अजून एक तिकीट आलं असतं. मालवण, वेंगुर्ला, कुडाळवाल्यांना चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सगळ्यात जवळ, कोड एसडीडब्ल्यू, ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, पण तिथून विमानं मोजकी आणि वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे तिथलं तिकीट काढताना आठवड्याच्या कोणत्या वारी विमान आहे आणि ते रद्द झालं तर पुढचं कधी हे आधी बघा. मुंबईच्या बाजूला पण आता दोन झालेत, बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, तो २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे. अलिबाग, पेण, महाड, चिपळूण इथल्या माणसाला बाहेरगावी जायचं असेल तर नवी मुंबई सोयीचा, पण अंधेरी-बोरिवलीच्या चाकरमान्याला तो लांब पडतो. जुन्यात परत टी-१ आणि टी-२ वेगळे आहेत, तिकिटावर बघायचं आणि आदल्या दिवशी परत एकदा बघायचं. परदेशातही हेच आहे, रायनएअर ज्याला फ्रँकफर्ट-हान म्हणायची तो विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरवर होता. म्हणून माझं सांगणं असं की तिकिटाची किंमत बघू नका, घराच्या उंबरठ्यापासून तिकडच्या उंबरठ्यापर्यंतची किंमत कागदावर मांडा, रिक्षा, टॅक्सी, एसटी सगळं धरून.

नंतर तिकीट उघडा आणि "फेअर ब्रेकअप" किंवा "फेअर डिटेल्स" असं जे काही लिहिलेलं असेल त्यावर टॅप करा. लोक ते कधीच उघडत नाहीत. त्यात मूळ भाडं असतं, युडीएफ म्हणजे विमानतळ वापरायची फी असते, ती प्रत्येक विमानतळाची वेगळी, सुरक्षेची फी देशांतर्गत प्रवासाला २०२१ पासून २०० रुपये, आणि इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी. हे वेगळं वेगळं बघायचं कारण पुढे रद्द करताना कळेल, आत्ता फक्त स्क्रीनशॉट काढून ठेवा. सगळ्यात शेवटी पैसे भरताना "कन्व्हिनियन्स फी" येते, ती माणशी आणि प्रत्येक सेक्टरला, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला, लागते, म्हणजे चार जण जाऊन-येऊन असतील तर आठ वेळा. ती परत मिळत नाही. काही बँकांच्या कार्डावर किंवा युपीआयवर कमी असते, तर पेमेंटचे दोन-तीन पर्याय दाबून बघा, आकडा बदलतो. आणि बुकिंग पोर्टलवरून काढलंत तर त्यांची स्वतःची फी वेगळी, रद्द करताना पण वेगळी, त्यामुळे मी भाव पोर्टलवर बघतो आणि तिकीट कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढतो. काही बिघडलं तर एकाच ठिकाणी फोन करायचा, मधला माणूस नको.

भाड्याचे प्रकार दोन-तीन दाखवतात. सगळ्यात स्वस्त जो असेल त्यात बॅग आहे का हे डोळे उघडे ठेवून बघा, कारण २०२१ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, चेक-इन बॅगशिवायचं स्वस्त तिकीट विकायला परवानगी दिली, आणि आता काही कंपन्या "लाइट" नावाने ते विकतात. त्यात फक्त हातातली बॅग. एकटा मुलगा इंटरव्ह्यूला जातोय, दोन दिवसांत परत, त्याला हे बेस्ट. पण गणपतीला घरी येणाऱ्या बाईला, जिच्याबरोबर मखराचं सामान आहे, पूजेचं ताट आहे, पोरांचे नवीन कपडे आहेत, तिला हे तिकीट म्हणजे सरळ नुकसान. शिकणाऱ्या मुलांना स्टुडंट फेअर असतो त्यात बऱ्याच कंपन्या १० किलो जास्त देतात, हे आपल्याकडे फारच कमी जणांना माहीत आहे, पुण्या-मुंबईत हॉस्टेलला असलेल्या पोरांनी हे नक्की वापरावं. फक्त कॉलेजचं आयकार्ड बरोबर पाहिजे, नाहीतर काउंटरवर फरकाचे पैसे मागतात. सीनियर सिटिझनचंही तसंच, वयाचा पुरावा सोबत ठेवा.

मग सुरू होतात एकामागून एक स्क्रीन: सीट घ्या, जेवण घ्या, विमा घ्या, लवकर चेक-इन घ्या, बॅग आधी येण्याची सोय घ्या. नियम असा आहे की या गोष्टी तुम्ही स्वतः टिक केल्या तरच लागल्या पाहिजेत, आपोआप नाही. तरीपण प्रत्येक पानाच्या तळाशी "स्किप" शोधायची सवय लावा, ते बारीक अक्षरात असतं आणि मोठं रंगीत बटण नेहमी पैसेवालंच असतं. पैसे भरायच्या आधी एकूण रक्कम आणि सुरुवातीला दिसलेली रक्कम यातला फरक कशाचा आहे हे बोटावर मोजता आलं पाहिजे, नाही आलं तर मागे जा.

सीटचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे लोक घाबरून पैसे भरतात. सीट निवडली नाही तर सीट मिळणार नाही असं अजिबात नसतं, तिकीट म्हणजेच सीट. नाही निवडली तर वेब चेक-इनला किंवा काउंटरवर कंपनी जी उरलेली असेल ती फुकट देते. वेब चेक-इन करताना सीटचा नकाशा येतो आणि त्यात बहुतेक सगळ्यांवर पैसे लिहिलेले दिसतात, तिथे पण "सीट न निवडता पुढे जा" अशा अर्थाचा पर्याय असतो. पोरं बरोबर असतील तर काळजी नको, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, बाबा किंवा सोबतच्या मोठ्या माणसाशेजारी बसवायचं असा डीजीसीएचा आदेश २०२४ मध्ये आलाय, म्हणून सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा, वेगवेगळं काढलं तर हा हक्क सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र मी दोन-अडीचशे रुपये भरून पुढची आणि रस्त्याकडची सीट घेऊन देतो, ते पैसे मला जड वाटत नाहीत. गुडघे दुखतात, बाथरूमला जावं लागतं, आणि दोन अनोळखी माणसांना उठवायला ती लाजतात. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी.

खाण्याचं थोडक्यात. पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, ते मागा. बाकी चहा-सँडविचचे दर बाजारापेक्षा बरेच वर. तासाभराच्या प्रवासाला घरून घावणे किंवा भाकरी-चटणी डब्यात घेतली तर कोणी अडवत नाही. सोलकढी मात्र नको, पातळ पदार्थावर सिक्युरिटीला वाद होतो.

आता सामान, ज्यासाठी मी खरं हे लिहायला घेतलं. हातातली बॅग एक, ७ किलो, मापं साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर, आणि सोबत लॅपटॉपची किंवा बायकांची छोटी पर्स. गेटजवळ लोखंडी चौकट ठेवलेली असते, बॅग त्यात बसली नाही तर बाजूला काढतात. चिपीला येणारं पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर वरचे कप्पे लहान असतात, तिथे फुगलेली ट्रॉली बसत नाही, मऊ कापडी बॅग बरी. पोटात जाणारी बॅग १५ किलो, पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी माझ्या भावाला महागात पडली: काही कंपन्या हे १५ किलो एकाच नगात मोजतात. म्हणजे आठ किलोची बॅग आणि पाच किलोची आंब्याची छोटी पेटी, एकूण तेरा, तरीही दुसऱ्या नगाचा वेगळा चार्ज. वजन कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नगांची संख्या पण वाचा. एकाच मोठ्या खोक्यात दोन्ही बसत असेल तर बसवा. आणि कुठल्याही एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे देऊनही घेत नाहीत, उचलणाऱ्या कामगारांसाठीचा नियम आहे तो.

जास्तीचं वजन लागणारच असेल तर ते वेबसाइटवर आधी विकत घ्या, ३ किलो, ५ किलो, १० किलो अशा टप्प्यांत मिळतं आणि काउंटरपेक्षा बरंच कमी लागतं. विमान सुटायच्या काही तास आधीपर्यंतच घेता येतं, म्हणून विमानतळाच्या वाटेवर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. घरच्या सगळ्यांचा एकच पीएनआर असेल आणि सगळे एकत्र काउंटरवर गेलात तर वजन एकत्र धरतात, मला तरी आतापर्यंत धरून दिलंय, चार जणांचे साठ किलो, कोणाची बॅग अठरा कोणाची बारा. हे पण काउंटरवर गोड बोलून विचारायचं, हक्काने भांडायचं नाही. माझा सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे हुकाचा तो छोटा डिजिटल काटा, तीन-चारशे रुपयांना मिळतो, बॅगेच्या हँडलला अडकवायचा आणि उचलायचा. तो आता अर्ध्या वाडीत फिरत असतो. काटा नसेल तर किराणावाल्याकडे पेटी घेऊन जा, कोणी नाही म्हणत नाही.

कोकणातल्या माणसाच्या बॅगेत जे जे असतं त्याचंही सांगून ठेवतो, कारण काउंटरवर किंवा एक्स-रेला काढून ठेवलं की त्या वस्तूची किंमत गेलीच. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. सबरीमालाला जाणाऱ्या भाविकांना २०२४ च्या मोसमात तात्पुरती सूट दिली होती, इतका हा नियम पक्का आहे. ओला अख्खा नारळ पोटातल्या बॅगेत चालतो. सुकं खोबरं मात्र तिथेही नाही, कारण त्यात तेल असतं आणि गरम होऊन पेट घेऊ शकतं, धोकादायक मालात मोडतं. आईने प्रेमाने भरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या एक्स-रेनंतर बॅग उघडून बाहेर काढलेल्या मी बघितल्यात. लोणचं आणि कोकमाचं आगळ पोटातल्या बॅगेत, बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिक लावून, वर दोन पिशव्या, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून. काजू, आमसुलं, तांदळाचं पीठ, मालवणी मसाला यांना पोटातल्या बॅगेत अडचण नाही. सुकी मासळी नेणार असाल तर आधी कंपनीला विचारा, वास येणारं सामान नाकारायचा त्यांना अधिकार असतो, आणि विचारून नेलं तरी हवाबंद डब्यात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत पाहिजे, पोटातल्या बॅगेत सापडली तर तुमचं नाव पुकारून बोलावतात.

मसाल्यावरून आठवलं, दुबई-शारजाला जाणाऱ्यांसाठी, आपल्या रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी तिकडे आहेच: खसखस युएईमध्ये बंदीच्या यादीत आहे. आपल्या बऱ्याच घरच्या मसाल्यांत खसखस असते. याचा पैशाशी संबंध नाही पण माणूस तिकडच्या विमानतळावर अडकू नये म्हणून लिहितोय, मसाला नेणार असाल तर खसखशीशिवाय करून घ्या. गल्फच्या स्वस्त कंपन्यांतही सगळ्यात खालच्या भाड्यात फक्त हातातली बॅग असते, आणि एजंटकडून तिकीट काढताना तो नुसता आकडा सांगतो. त्याला दोनच प्रश्न विचारा: चेक-इनला किती किलो, किती नग. आणि ते तिकिटाच्या कागदावर छापलेलं बघा, तोंडी नको. युरोपात मुलगा-मुलगी असेल आणि तुम्ही तिकडे रायनएअरने कुठे फिरायला जाणार असाल तर आपली ७ किलोची ट्रॉली तिकडे फुकटात बसत नाही. तिथे फुकट म्हणजे सीटखाली जाईल अशी ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची पिशवी, बस. आणि ऑनलाइन चेक-इन न करता काउंटरवर गेलात तर ५५ युरो माणशी, म्हणजे पाच हजारांच्या वर.

आपल्याकडे हा प्रकार नाही. काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायचे पैसे काही कंपन्या घ्यायच्या, जुलै २०२२ मध्ये विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितलं की असे पैसे घेता येणार नाहीत. त्यामुळे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या आजी-आजोबांनी सरळ काउंटरवर जावं, आधार दाखवावं, पास घ्यावा. तिकिटावरचं नाव आधारसारखंच पाहिजे, "बाळा" आणि "बाळकृष्ण" असला फरक ठेवू नका, नावात दुरुस्ती करायला कंपनीला फोन, मेल, कधी फी, सगळा ताप. काउंटर देशांतर्गत विमानाला एक तास आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. हे एसटीसारखं नाही की कंडक्टरला हात केला आणि गाडी थांबली. विमान चुकलं तर स्वस्त तिकिटाचे बहुतेक सगळे पैसे गेले, आणि पुढचं तिकीट त्या क्षणीच्या भावाने. पावसाळ्यात बांद्याचा रस्ता, गणपतीत महामार्गाची कोंडी, हे धरून घरून निघा, मी दोन तास आधी पोचायच्या हिशोबाने निघतो.

रद्द करायची वेळ आली तर. तिकीट काढल्यापासून पहिल्या ४८ तासांत, आणि देशांतर्गत प्रवास निदान ७ दिवस पुढे असेल तर, फुकट रद्द किंवा बदल करता येतो. चुकीची तारीख टाकली, चुकीचा गोवा निवडला, तर ताबडतोब रात्रीच करा, सकाळवर ढकलू नका. त्यानंतर रद्द केलं तर चार्ज तीन-चार हजारांपर्यंत जातो, आणि लोक म्हणतात तिकीटच अठराशेचं होतं, जाऊ दे, सोडून देतात. सोडू नका. रद्द करायचा चार्ज मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जेवढे होतात त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कर, युडीएफ, सुरक्षा फी हे परत द्यावंच लागतं, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. म्हणून तो ब्रेकअपचा स्क्रीनशॉट. समजा २,९०० च्या तिकिटात ८०० रुपये अशा करा-फीचे असतील आणि घरचे चार जण असतील तर ३,२०० रुपये होतात, सोडून द्यायची रक्कम आहे का ती? विमानात न बसल्यावर पण हे मागता येतं, पण रद्द करून मागितलेलं लवकर येतं.

कंपनीने विमान रद्द केलं तर हिशोब उलटा होतो. पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. वेळेत कळवलं नसेल आणि कारण कंपनीचं असेल तर भरपाई पण आहे, तासाभराच्या विमानाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. पण हवामान त्यात धरत नाहीत, आणि आपल्याकडे जून ते ऑगस्ट ढग खाली येऊन विमान फिरवलं जाणं नवीन नाही, तेव्हा भरपाईची आशा धरू नका, फक्त परतावा किंवा पुढचं विमान घ्या. उशीर झाला तर ठरावीक वेळेनंतर खाणं-पिणं द्यावं लागतं, सहा तासांच्या वर गेला तर परतावा मागता येतो. काउंटरवर दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा, सोबत बोर्डिंग पासचा आणि पावतीचा फोटो जोडा. प्रत्येक पावतीचा फोटो तिथल्या तिथे काढायचा, कागद पावसात भिजतो, हरवतो.

गणपतीचं वेगळं सांगायला हवं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं, मग सगळे एकदम विमानाकडे वळतात आणि भाडं तीन-चारपट होतं. विमानाचं तिकीट त्याच्या कितीतरी आधी मिळतं, गणपतीची तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते, तेव्हा रेल्वे उघडायच्या आधीच विमानाचा भाव बघून ठेवा. जाताना चतुर्थीच्या आदल्या दिवशी न जाता तीन-चार दिवस आधी, परतताना पाचव्या दिवसाच्या विसर्जनानंतरची सकाळ टाळून. आणि दोन्ही बाजू विमानानेच केल्या पाहिजेत असं काही नाही, गावाला विमानाने, परतताना तुतारी किंवा कोकणकन्या रेल्वेने, कारण परत जाताना सामान नेहमी जास्त असतं आणि रेल्वेत कोणी पेटी काट्यावर ठेवत नाही.

मावशी यंदा पण मे महिन्यात गेली. आदल्या रात्री अंगणात दिव्याखाली बॅग हुकाला लावली, १६.२ आली. तिने एक साडी काढली, मग आगळाची एक बाटली काढली, मग थोडा वेळ विचार करून ती बाटली परत आत ठेवली आणि दुसरी साडी काढली. १४.६. आंब्याची पेटी दोन दिवस आधीच ट्रान्सपोर्टने दादरला गेली होती, तिच्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरात तिचा नंबर लिहून दिला होता.